डबी कोणाची, हार कोणाचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की तुमच्या पेपरात नमुना प्रश्नोत्तरं येतात ना, त्यावरून लिहितेय. आमची पोरगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला मोपासां या फ्रेंच लेखकाची ती हाराची गोष्ट आहे, 1884 सालची. इंटर्नलला प्रश्न आला, कथेतलं प्रतीक स्पष्ट करा, पाच मार्क. गाईडमधलं उत्तर सगळ्यांना पाठ, हार म्हणजे लोभ, मॅथिल्ड म्हणजे लोभी बाई, शेवटी तिला अद्दल घडली. पोरीने हार सोडला आणि हाराच्या डबीवर दीड पान लिहिलं. पाचात दीड मार्क मिळाला आणि बाजूला लाल पेनने "विषयांतर". कॉलेजचं नाव घालू नको म्हणालीय, नाही घालत, पण तिचं उत्तर मी वाचलंय आणि मला ते पटलंय म्हणून हा खटाटोप.

गोष्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा कारकून आणि त्याची बायको मॅथिल्ड, मोठ्या पार्टीचं बोलावणं येतं, ती मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून घालते आणि येताना तो हरवतो. छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार घेऊन मैत्रिणीला देतात आणि मग दहा वर्षं कर्ज फेडत बसतात, भांडी घासण्यापासून सगळं. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, जास्तीत जास्त पाचशेचा.

आता डबीचं. हार हरवल्यावर दोघं रिकामी डबी घेऊन, तिच्यावर ज्या सोनाराचं नाव होतं त्याच्याकडे जातात. तो वह्या चाळतो आणि सांगतो की बाई हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. एवढंच वाक्य. दोघं इतकी घाबरलेली की ते कानावरून जातं आणि लगेच दुसऱ्या दुकानात तसाच हार शोधायला पळतात, वाचणारापण त्यांच्या मागे पळतो. म्हणजे शेवटी जे कळणार ते लेखकाने दहा वर्षं आधीच समोर ठेवलं होतं, नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, पण थांबून विचारलं कोणी?

पोरीला हे कुठून सुचलं ते मला बरोबर माहितीय. आमची देवगडला हापूसची थोडी कलमं आहेत, बागेचं नाव छापलेले खोके आम्ही दरवर्षी करून घेतो. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये खळ्यात पॅकिंग चालू होतं, पेंढा पसरलेला, पोरगी आंबे पुसून देत होती, आणि टेम्पो घेऊन एक माणूस आला. "वहिनी, गेल्या सालचे रिकामे खोके आसत काय?" पैसे देतो म्हणाला, वर रिकाम्या खोक्याला चांगलाच भाव सांगितला. मी जवळजवळ हो म्हणणार होते, माळ्यावर नुसते उंदीर खात होते. सासरे आतून बाहेर आले आणि एवढंच विचारलं, "खोको माझो, नि आंबो खयचो?" तो माणूस हसला, टेम्पोत बसला आणि गेला. हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याचं सरकारी नामांकन, मिळालं तरी वाशीपासून पुण्यापर्यंत कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच, ते इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. तर असल्या घरातली मुलगी ते सोनाराचं वाक्य वाचून पुढे कशी जाणार? ती तिथेच अडकली, आणि मला विचाराल तर अडकायची जागा तीच होती.

आणि मॅथिल्ड लोभी, हे तरी कितपत खरं? मोठेपणाची हौस आहे, रडकी आहे, चांगल्या नवऱ्याची किंमत नाही, सगळं मान्य. पण नीट वाचा हो. मैत्रिणीकडे दागिना मागायला जा हे सुचवतो कोण, नवरा. हार हरवल्यावर कडी तुटलीय, दुरुस्तीला दिलाय असं खोटं पत्र लिही म्हणून शब्द सांगतो कोण, नवराच, ती फक्त लिहून घेते. त्या बिचाऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तिच्या कपड्यांना दिले, बापाचे अठरा हजार हारात घातले, म्हणून तो वाईट असं मी म्हणत नाही, पण मग सगळी शिक्षा तिच्याच लोभाची कशी? आणि लोभी बाई दहा वर्षं दुसऱ्याच्या वस्तूसाठी राबते का? पळून गेली असती, नाहीतर सरळ हात वर केले असते. मला तर ती लोभापेक्षा लाजेची गोष्ट वाटते. पार्टीतून निघताना नवरा तिच्या अंगावर घरची साधी शाल टाकतो आणि ती बाकीच्या बायकांनी बघू नये म्हणून धावत जिना उतरते, तो थांब थांब म्हणतोय तरी. तिथून घरी पोचेपर्यंतच कुठेतरी हार गेला. मैत्रिणीला एक शब्द खरा सांगितला असता तर पाचशेत मिटलं असतं, पण तोंड उघडायची लाज वाटली. आमच्याकडे लग्नात मागून आणलेला डाग घालणाऱ्या किती बायका मी बघितल्यात, लोभी एखादीच असेल, बाकी सगळ्यांना फक्त फोटोत बोडका गळा दिसायला नको असतो.

अजून एक पोरीने लिहिलेलं, ते मला सुचलं नसतं. नवा हार परत देतात तेव्हा मैत्रीण डबी उघडूनच बघत नाही, उलट उशीर केलास म्हणून कुरकुरते. माझ्या आतेबहिणीने एकदा मागून नेलेला चपलाहार परत केला तेव्हा त्या बाईने आम्हा सगळ्यांसमोर कडी, पदर, मणी सगळं तपासून घेतलं होतं, कारण तो सोन्याचा होता! खोट्याला कोण तपासत बसतं. यावर पोरीच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या असं कथेत कुठे लिहिलंय. लिहिलेलं नाही, बरोबर आहे. पण हार म्हणजे लोभ हे तरी कुठे लिहिलंय?

प्रेमचंदांच्या 'ईदगाह' गोष्टीतल्या हामिदचंही तेच. जत्रेत जवळचे तीन पैसे घालून आजीसाठी चिमटा आणतो, गाईड म्हणतं चिमटा म्हणजे त्याग, झालं, पुढचा प्रश्न. अरे पण तो पोरगा तो चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकतो, मित्रांच्या मातीच्या शिपायाशी आणि वकिलाशी भांडण लावतो, थापा मारतो, जिंकतो! त्याला हेवा वाटलेलाच आहे, मिठाई बघून जीभ चाळवलेलीच आहे. आणि आजी आधी काय करते, छाती बडवून ओरडते की दुपार झाली, काही खाल्लं-प्यायलं नाहीस आणि हे लोखंड आणलंस. तव्यावर तुझी बोटं भाजतात म्हणाल्यावर मग रडते. भाकरी भाजणाऱ्या कुठल्याही बाईला तो चिमटा आधी चिमटा म्हणून कळतो, त्याग बिग नंतर. नुसतं त्याग लिहिलं की हामिद देव होतो आणि पोरगा गायब.

गाईडमध्ये पाऊस म्हणजे दुःख असंही एक कोष्टक आहे म्हणे. जूनमध्ये तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, पावसाची वाट बघणाऱ्या माणसाला सांगून बघा.

शिक्षकांची अडचण मला समजते, शंभर शंभर पेपर तपासायचे तर एक ठरलेलं उत्तर लागतं. त्यांच्यावर राग नाही, त्या बाई बाकी चांगलं शिकवतात असं पोरगीच सांगते. पण तुम्ही जी नमुना उत्तरं छापता त्यात प्रतीकाच्या प्रश्नाखाली "कथेतल्या प्रसंगाचा आधार दिलेलं दुसरं उत्तरही ग्राह्य" एवढी एक ओळ टाकता आली तर बघा. आणि जागा असेल तर सोनाराचं ते वाक्यही छापा.

आपली वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग