सेल्फ मारू नकोस

सोलापूर, रविवार

चि. सुमीस आप्पांचा आशीर्वाद.

काल फोनवर ओरडलो, ते तुझ्यावर नव्हतं. ‘ऑइल बदलून शनिवारी गाडी घेऊनच येते, तुम्हीच बघा’ म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

फोटो नीट बघितला. नुसता ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस असता तर सोडून दिलं असतं. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला दमटपणानं तसा येतो. पण मे महिन्यात डिपस्टिकवरच ऑइलचं ताक झालेलं दिसतंय, कूलंट सारखं टाकावं लागतंय आणि खाली फरशीवर थेंब नाही. मग जातंय कुठं? चेंबरमध्ये, खाली ऑइल साठतं तिथं.

मिस्त्री म्हणतो ऑइल बदला नि चालवा. त्यानं कूलंट यायचं थांबतंय होय? असलं ऑइल बेअरिंगला धरत नाही. आज थोडक्यात भागेल. टेंभुर्णीच्या पुढं इंजिन जाम झालं की खर्च क्रँकपर्यंत जातो. आणि रात्रीची तू तिथं एकटी. गाडी गेली खड्ड्यात.

शांतपणे सांगतो. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन नट सकाळी हळूच सैल करायला लाव, सेल्फ न मारता. कूलंट ऑइलपेक्षा जड. पूर्ण घुसळलं गेलं नसेल तर आधी तेच ठिबकेल. मग रेडिएटर गार असताना प्रेशरचा हातपंप लावायचा, झाकणावर आकडा असतो तेवढाच. काटा उतरतोय आणि बाहेर गळत नाही, म्हणजे आत गळतंय. पण लगेच इंजिनाचं वरचं हेड खोलू देऊ नकोस! आपल्या गाडीला ऑइल कूलर आहे, तो आतून फुटला तरी हेच होतं. आधी तो तपासू दे. हेड खोललंच, तर ते सरळ आहे का, तडा आहे का हे बघितल्याशिवाय त्याखालची नवी गॅस्केट बसवायची नाही. अक्षय्य तृतीयेला मोहोळजवळ टेंपरेचरचा काटा लालवर गेला होता ना? मला संशय तिथलाच आहे.

परत लेक्चर झालं, माफ कर. डेपोतली सवय. तू सहावीत असताना डिपस्टिक फ्रॉकला पुसायचीस आणि बोलणी मी खायचो. पुसून, परत घालून, मगच बघायची, हे कॉलनीतल्या पोरांना तूच शिकवायचीस. परवाही कुणी न सांगता बॉनेट उघडलंस. शेजारच्या अण्णांना हे सांगून झालं माझं.

यायचं तर हुतात्म्यानं ये, स्टेशनवर मी येतो. गाडी टोचन करून गॅरेजला ने. पैसे मी पाठवतो, विजूच्या वेळचं काही काढू नकोस. आणि बॅटरीची मायनस वायर आजच काढून ठेव. तू सेल्फ मारणार नाहीस, ठाऊक आहे. पण दुसरी चावी रोहितकडे असते.

तुझे आप्पा