आधी माणसांना विचारा

संपादक महोदय,

वंशावळ शोधण्यावरचा रविवारचा लेख वाचला, छान आहे, पण ‘नातेवाइकांच्या आठवणींवर विसंबू नका, थेट रेकॉर्ड गाठा’ हा त्यातला सल्ला काही पटला नाही. रेकॉर्ड म्हणजे काय हो, कोणीतरी कोणालातरी विचारून लिहिलेलंच ना? इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत 15 च्या वरच्या लोकांचं वय 5 च्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचनाच होती, म्हणजे 39 वर्षांचा माणूस कागदावर 35 चा. नावांचं स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या कानावर. त्यात एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन जण सापडले की यातला आपला कोण हे रजिस्टर सांगत नाही, ते घरातली एखादी म्हातारी आत्याच सांगते, ‘अगं तो नव्हे, तो लंगडा होता’ असं म्हणून.

आठवणी चुकतात हे मान्य, साल तर हमखास चुकतं. पण ‘मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी’ असं कोणी म्हणालं तर पुराचं साल कागदात मिळतं आणि मग नेमकी कुठली पानं चाळायची तेही कळतं.

कागद जळतातही, अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेचं बहुतेक रेकॉर्ड 1921 च्या आगीमुळे गेलं, पण सहसा ते पाच वर्षं थांबू शकतात. नव्वदीतली आत्या थांबेलच असं नाही, तेव्हा आधी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तिच्याजवळ बसा, रेकॉर्ड शोधायला ऑफिसात नंतर जा.

– एक वाचक