ऐकू येतं, पण कळत नाही

महोदय,

‘ऐकू येतं, पण काय बोललात ते कळत नाही’ ही वयस्कर माणसांची तक्रार घरोघरी हट्ट किंवा दुर्लक्ष समजली जाते आणि समोरचा आवाज चढवतो. तक्रार शब्दशः खरी आहे.

आतल्या कानातला शंखासारखा कॉक्लिया उलगडला तर जेमतेम 35 मिलिमीटर भरतो. त्यातल्या पडद्याच्या एका टोकाला तार स्वर, दुसऱ्या टोकाला खर्ज, अशा जागा ठरलेल्या असतात. तिथल्या सुमारे 12 हजार बाह्य केसपेशी हळू आवाजाला जोर देतात आणि प्रत्येक जागेची चाळणी, म्हणजे ती जागा पकडते तो वारंवारितांचा (आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीचा) टप्पा, बारीक ठेवतात. वयानुसार त्या मरतात, आधी तार स्वरांकडच्या, आणि पुन्हा तयार होत नाहीत. निरोगी कानात 1000 हर्ट्‌झजवळची चाळणी साधारण 130 हर्ट्‌झ रुंद असते. पेशी गेल्यावर ती दुप्पट-तिप्पटही होते. शेजारच्या वारंवारिता एकमेकींत मिसळतात. शांत खोलीत निभावतं, पण टीव्ही किंवा पंखा चालू असला की त्याचा आवाजही शब्दाबरोबर त्याच चाळणीतून आत शिरतो. ‘सात’ की ‘साठ’, हा गोंधळ औषधाच्या मात्रेबाबत झाला तर महागात पडतो.

ओरडल्याने हे सुधारत नाही. ओरडताना अ, आ, ई असे स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि खालच्या वारंवारितांचा मोठा आवाज वरच्यांना झाकून टाकतो. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा, कधी असह्य वाटतो.

नेहमीचा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) 250 ते 8000 हर्ट्‌झपर्यंतचा एकेक सूर किती हळू असला तरी ऐकू येतो एवढंच दाखवतो. सारखाच आलेख असलेल्या दोघांना शब्द सारखेच कळतील असं नाही. म्हणून शब्द ओळखण्याची चाचणी, आणि ती गोंगाटातही, मागून घ्यावी. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, चाळणी बारीक करत नाही. तरीही ते लवकर लावावं. मात्र कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष पोचणारा आवाज मोजून त्याची जुळणी करून घ्यावी, हे टाळलं जातं आणि यंत्र कपाटात पडतं. गोंगाटात दिशादर्शी (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) मायक्रोफोन, किंवा बोलणाऱ्याजवळ ठेवायचा वेगळा मायक्रोफोन, जास्त उपयोगी पडतो.

घरच्यांनी आधी टीव्ही बंद करावा, मग समोर येऊन बोलावं. अंतर दोन मीटरवरून एकवर आणलं की जवळपास 6 डेसिबल मिळतात, तेही न ओरडता. शब्द कळला नाही तर तोच पुन्हा म्हणू नये, बदलून सांगावा: ‘साठ, म्हणजे सहावर शून्य’.

– एक श्रवणतज्ज्ञ