तुम्ही सुरू करा, वाट बघू नका

प्रिय आई-पप्पा,

सलाम.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि पप्पांची रेंज जाते, म्हणून लिहितेय. इंग्लंडची नोकरी मी घेतली. बंटीचा आणि माझा व्हिसा आला, तिकिटं 14 तारखेची आहेत. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही ‘जा’ म्हणाला असतात आणि रात्र रात्र जागला असतात.

घराचे हप्ते, बंटीची शाळा, एकटीचा पगार, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी पटत नसेल तर आई, तुझ्याच पंडिता रमाबाई काढते. दर सुट्टीत त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनला न्यायचीस (मी वर्गात सांगायचे, नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं!) आणि वाटेत तेच ऐकवायचीस. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, आणि 1882 मध्ये पटकीनं नवरा. पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बाई बोटीनं इंग्लंडला. मी तर विमानानं चाललेय, आणि बंटी दहाचा आहे.

पण खरं सांगू? हे गेले तेव्हा मला रमाबाईंच्या त्या गोष्टीचा रागच आला होता. लोक येऊन म्हणायचे, ‘देवाची इच्छा.’ मी बायबल कपाटात ठेवून दिलं. पप्पा, तुम्हाला आठवतं? संडे स्कूलमध्ये वाळूवरच्या आणि खडकावरच्या घराचा येशूचा दाखला शिकवायला तुम्ही घमेल्यात एकीकडे वाळू, एकीकडे फरशीचा तुकडा ठेवून दोन काड्यापेट्यांची घरं मांडली होती आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं होतं. वाळू सगळी आईच्या सारवलेल्या ओट्यावर! फरशीवरची काडीपेटी वाहून गेली नाही, पण भिजून लगदा झालीच होती. ते मी तेव्हा पाहिलं होतं, बोलले नव्हते. 2021 मध्ये मी तशीच झाले होते.

आठ महिने तुम्ही मला एकदाही ‘प्रार्थना कर’ म्हणाला नाहीत. रोज साडेआठला माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून, शास्त्रपाठ वाचून, माझ्या वाटची प्रार्थना करून उठायचात. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. एका रात्री तुम्ही खोकल्यामुळे मध्येच थांबलात आणि पुढची ओळ माझ्या तोंडून गेली. तेवढंच झालं. रमाबाईंची मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी बायबलचं भाषांतर पुरं करूनच बाई 1922 मध्ये गेल्या. ते कसं जमलं असेल, हे मला त्या खुर्चीमुळे थोडं कळलं.

आता काळजीचं. डबा दोन्ही वेळचा लावलाय, बाई मंडळीतल्याच आहेत, तिखट कमी घालतात. न्हाणीघरात दांडा बसवलाय आणि स्टूल आणलंय. पप्पा, त्यावर बसून अंघोळ करायची, कपडे वाळत घालायला ते न्यायचं नाही. इन्सुलिन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ अजिबात नको. नाताळच्या करंज्या मोजून दोन, पाळकसाहेबांनी आग्रह केला तरी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. रविवारी रिक्षानंच देवळात जायचं, पैसे मी महिन्याचे देऊन ठेवलेत, त्यामुळे वाचवून उपयोग नाही.

रागावले नाही गं. कुणी रागवायला नसलं की तू पाय ओढत सगळं करत बसतेस, म्हणून.

तिकडे जेवण, थंडी, सगळं होईल नीट. तुझी शाल घेतलीय, न विचारता. तिला अजून निलगिरीचा वास येतो.

तुमचे साडेआठ म्हणजे माझे उन्हाळ्यात दुपारचे चार, हिवाळ्यात तीन. ड्युटीवर असले तर फोन लागायचा नाही. तुम्ही सुरू करा, वाट बघू नका. आणि पप्पा, ‘आमेन’ जरा मोठ्यानं म्हणा, आईला हल्ली कमी ऐकू येतं आणि ती डोळे मिटून तशीच बसून राहते.

तुमची,
बेबी