गोकुळपेठेतल्या सायकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सगळे मिस्त्री म्हणायचे, मी काका म्हणायची. तुमचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही, आणि याची आता फार रुखरुख लागते. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. शेजारी विचारलं, पण तुम्ही कुठे राहायला गेलात ते कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या घरच्या कुणाच्या तरी नजरेस पडावं आणि त्यानं तुम्हाला वाचून दाखवावं, एवढीच इच्छा.

ओळख पटावी म्हणून बैलापासून सुरू करते. मी सात वर्षांची होते, तान्हा पोळा होता. (नागपूरबाहेरच्या लोकांना हा सण अजूनही समजावून सांगावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी आम्ही पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतो. लोक बोजारा म्हणून हातावर पैसे ठेवतात.) माझा बैल चांगला हातभर उंचीचा. दोरी धरून ओढायचा सोडून मी त्याच्या पाठीवर बसले आणि गल्लीच्या उतारावरून निघाले. खाली पोचेपर्यंत मागचं चाक दुभंगलं होतं. रडत तुमच्याकडे आणला, तर तुम्ही हातातलं पंक्चर बाजूला ठेवलंत, पेटीतून दोन जुनी बेरिंग शोधलीत आणि पंधरा मिनिटांत बैलाला बसवून दिलीत. पैसे विचारले तर म्हणालात, "बोजारा समज." त्या संध्याकाळी अख्ख्या धरमपेठेत माझ्या बैलाएवढं हलकं कुणाचंच जनावर चाललं नसेल.

त्यानंतर मी तुमच्या दुकानासमोरून कधी सरळ गेले नाही. पुढे भाड्याच्या सायकली आल्या. तासाला एक रुपया, वहीत नाव आणि कुणाची पोरगी ते. आम्ही काळ्या बावीस इंची सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची चालवायचो, अर्धं पायडल मारत. फ्रॉक चेनमध्ये अडकायचा, ग्रीसचे डाग पडायचे, घरी बोलणी बसायची. कैचीवरून दांड्यावर आणि दांड्यावरून सीटवर यायला मला दोन उन्हाळे लागले.

दुकानाच्या बाकावर बसणारं एक माणूस एकदा म्हणालं होतं, "पोरीले कायले देता मिस्त्री सायकल? हातपाय मोडले तं?" तुम्ही ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोट्ट्यायचे नाही मोडत का? पैसे तेवढेच देते ना ते." मी तिथेच उभी होते काका. तुमच्या लक्षातही राहिलं नसेल, पण त्या वाक्यावर मी खूप वर्षं चालले आहे.

आणि मग 1988 चा तो पावसाळी रविवार. सेमिनरी हिल्सवरून फुटाळा तलावाकडे उतरणारा रस्ता, आठ नंबरची सायकल (मडगार्डवर पांढऱ्या रंगात तुम्हीच आकडा काढला होता), मागे कॅरियरवर मैत्रीण. पैज होती दोन्ही हात सोडून खाली यायची. पाऊस नुकताच थांबला होता. निम्म्या उतारापर्यंत हात सोडलेले होते. ते दहा-बारा सेकंद आजही जसेच्या तसे अंगावर येतात. कानात वारा, समोर तलावाचं पाणी आणि पायाखाली काही नाहीच असं वाटणं. मग वळण आलं, मी ब्रेक दाबले आणि ते लागलेच नाहीत. लोखंडी रिम ओली असली की रबर नुसतं घसरत जातं, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. आम्ही थेट पुलियाच्या कठड्यावर गेलो. मैत्रीण गवतात पडली, तिला काही झालं नाही. माझं कोपर सोललं. पुढच्या चाकाचा आठचा आकडा झाला होता.

सायकल अर्धी उचलत, अर्धी ओढत गोकुळपेठेपर्यंत आणली. एका तासाचे तीन तास झाले होते. तुम्ही नक्की ओरडणार, बाबांना सांगणार आणि यापुढे सायकल देणार नाही, असंच वाटेभर मनात होतं. तुम्ही चाकाकडे बघितलंही नाही. "लागलं काय वं तुले? आधी कोपर दाखव. चाक काई पळून नाही चाललं." कोपर धुतलंत, टिंक्चर लावलंत, मैत्रिणीला पाणी दिलंत. मग स्टूल पुढे ओढून मला म्हणालात, "बस. आता हे तूच सरळ कर."

तीन रविवार लागले. आधी रिम जमिनीवर आडवी टाकून तुम्ही पायानं दाबून तिचा मोठा बाक काढलात. मग सायकल उलटी करून चाक चिमट्यात बसवलं आणि आऊट, म्हणजे रिमचं डुलणं, काढायला मला शिकवलंत. चाक फिरवायचं, खडू रिमच्या अगदी जवळ स्थिर धरायचा. जिथे खडूची रेघ उमटेल तिथे रिम बाहेर आलेली. उजवीकडे आली असेल तर डावीकडची तार आवळायची, उजवीकडची सैल करायची, आणि तेही एका वेळी फक्त पाव फेरा. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, हेही तेव्हाच मोजलं. घाईनं मी अर्धा फेरा दिला की तुम्ही काही न बोलता चावी उलटी फिरवायचात. तिसऱ्या रविवारी खडू रिमला सगळीकडे सारखा हलकाच लागला. तुम्ही चाकाला टिचकी मारलीत आणि ते कितीतरी वेळ, आवाज न करता, फिरत राहिलं.

भाडं विचारलं तर म्हणालात, "चाक बसवलं ना, झालं भाडं." आणि खाचाखाचांची ती गोल चावी माझ्या हातात ठेवलीत. त्या दिवशी तुम्ही मला नुसती रागावून घरी पाठवली असती तर मी पुन्हा उतारावर गेले नसते. यंत्राला हात लावायची भीतीही कधी गेली नसती. नंतर मी मेकॅनिकल डिप्लोमा केला, वर्कशॉपमध्ये पन्नास मुलांत आम्ही दोघी मुली होतो. लेथसमोर पहिल्या दिवशी माझा हात थरथरला नाही, याचे आभार मानायचे ते तुमचेच. मानायला इतकी वर्षं लागली, त्याबद्दल माफ करा.

ती चावी अजून माझ्याजवळ आहे. गेल्या महिन्यात भाचीच्या सायकलचं चाक डुलत होतं. ती नऊ वर्षांची आहे. तिला खडू धरायला लावला आणि चावी तिच्याच हातात दिली. अर्धा फेरा दिला की मी उलटा फिरवत होते. चाक सरळ झालं तसं तिला फुटाळ्याचा उतार हवा झाला. आम्ही पहाटे गेलो, रस्ता कोरडा होता. वर उभं राहून दोन्ही ब्रेक तिच्याकडून दाबून घेतले, एकदा स्वतः दाबून बघितले, आणि सीटवरचा हात काढला.

तुमची,
आठ नंबरच्या सायकलवाली पोट्टी