‘नऊ महिने वाळवलेले’ म्हणून विकलेल्या ओल्या लाकडाबद्दल तक्रार

कोल्हापूर
दि. १२ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मांस धुरावर शिजवण्यासाठी मागवलेले आंब्याचे व बाभळीचे लाकूड ओले निघाल्याबाबत, तसेच साठवणुकीच्या चुकीच्या सूचनेमुळे उरलेले लाकूड खराब झाल्याबाबत.

महोदय,

मी २ मे २०२५ रोजी आपल्या संकेतस्थळावरून आंब्याचे ४० किलो आणि बाभळीचे २० किलो, असे एकूण ६० किलो फोडलेले लाकूड ६० रुपये किलो दराने मागवले. त्याचे ३,६०० रुपये आणि वाहतुकीचे ४८० रुपये मी त्याच दिवशी भरले. लाकूड ९ मे रोजी घरी आले. संकेतस्थळावर या मालाबद्दल तीन गोष्टी ठळक अक्षरांत लिहिल्या आहेत : लाकूड नऊ महिने वाळवलेले आहे, त्यातला ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी आहे आणि त्याला कीड नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी माल आला त्याच दिवशी खोट्या ठरल्या आणि तिसरी महिन्याभरात खोटी ठरली. लाकडाच्या जातीबद्दल माझी तक्रार नाही. आंबा आंब्याचाच होता आणि बाभूळही बाभळीचीच होती.

गोण्यांच्या आत जाड प्लास्टिकचे आवरण होते आणि ते उघडताच आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले. वाळलेल्या लाकडाची टोके तडकलेली असतात, कारण लाकूड पेशींच्या भिंतींतले पाणी सोडू लागले, म्हणजे ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला, की ते आकसते, आणि टोकांकडून पाणी सर्वांत लवकर जात असल्यामुळे भेगाही आधी तिथेच पडतात. आपण पाठवलेल्या आंब्याच्या ढलप्यांची टोके गुळगुळीत होती. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला हवा होता, तो बद्द आला. शंका आल्यामुळे मी बारा ढलप्या कुऱ्हाडीने मधोमध फोडल्या आणि आतल्या ताज्या बाजूवर मॉइश्चर मीटरच्या सुया रोवून मोजणी केली. आंब्याच्या आठ ढलप्यांमध्ये ३१ ते ३६ टक्के आणि बाभळीच्या चार ढलप्यांमध्ये २७ ते २९ टक्के ओलावा आढळला. त्याच ढलप्यांच्या बाहेरच्या बाजूवर मीटर १७ ते १९ दाखवत होता.

मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नये म्हणून मी दुसरी खात्रीही करून घेतली. आंब्याच्या ढलप्यांच्या आतल्या भागाचे ५०० ग्रॅम बारीक तुकडे करून ते ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले आणि वजन उतरायचे पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलले. शेवटी ३७३ ग्रॅम उरले. लाकडाचा ओलावा कोरड्या वजनाच्या प्रमाणात सांगण्याची रीत आहे आणि त्या रीतीने तो ३४ टक्के येतो. प्रत्येक तोलाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

या आकड्याचा अर्थ आपण पैशांतही पाहावा, कारण आपण लाकूड वजनावर विकता. ३४ टक्के ओलाव्याच्या ४० किलो आंब्यात निव्वळ लाकूड २९.८५ किलो भरते आणि बाकीचे पाणी असते. तेच लाकूड आपल्या दाव्याप्रमाणे २० टक्क्यांपर्यंत वाळलेले असते, तर त्याचे वजन ३५.८ किलो भरले असते. म्हणजे एकट्या आंब्यात चार किलोंहून अधिक जास्तीचे पाणी मी लाकडाच्या भावाने विकत घेतले आहे.

रविवार, १८ मे रोजी आमच्या घरी वडिलांच्या पंचाहत्तरीचे जेवण होते. माझा भाऊ आठ वर्षे टेक्सासमधील ऑस्टिन येथे होता आणि पोस्ट ओक या ओकच्या एका जातीच्या लाकडाच्या धुरावर मांस शिजवण्याची तिथली पद्धत तो शिकून आला आहे. त्याच्या सांगण्यावरून मी शिवाजी उद्यमनगरातून ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ऑफसेट स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवण्याची भट्टी, करून घेतला. त्यात आग एका बाजूच्या पेटीत असते आणि मांसापर्यंत फक्त उष्णता व धूर पोचतात. या पद्धतीत लाकूड केवळ वासासाठी नसते, तेच इंधनही असते, त्यामुळे ते ओले असेल तर त्यावर दुसरा उपाय उरत नाही. तोपर्यंत वखारीतून आणलेली बाभूळ संपली होती आणि आपले लाकूड ओले असल्याचे कळूनही दुसरे मिळवायला वेळ नव्हता. मी ढलप्या बारीक फोडून आठ दिवस कडक उन्हात ठेवल्या आणि तेवढ्यावर काम भागेल असे समजलो. ती माझी आशा चुकीची ठरली.

त्या दिवशी चार किलोंची बोकडाची मांडी सकाळी सहा वाजता स्मोकरमध्ये ठेवली. तापमान १२० अंशांवर स्थिर हवे होते, ते ९५ च्या वर गेले नाही. ओल्या लाकडाच्या एक किलोच्या ढलपीत पाव किलो पाणी असते आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती उष्णता आगीतूनच जाते, मग ज्वाळ धरत नाही, लाकूड नुसते धुमसत राहते आणि चिमणीतून दाट पांढरा धूर निघतो. चांगल्या आगीत लाकडातल्या लिग्निन या घटकापासून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये तयार होतात आणि धुरी दिलेल्या मांसाचा हवाहवासा वास त्यांच्यामुळे येतो. थंड, गुदमरलेल्या आगीत मात्र अर्धवट जळलेली डांबरासारखी द्रव्ये मांसाच्या गार पृष्ठभागावर बसत जातात. सात तासांनंतर त्या मांडीवर काळा, चिकट थर चढला होता आणि तो कापून काढल्यावरही आतला कडवटपणा गेला नाही. वडिलांनी एक घास घेतला, काही बोलले नाहीत आणि ताट थोडे पुढे सरकवले. मटणाचे पैसे मी आपल्याकडे मागत नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात काय झाले, ते आपल्याला माहीत असावे असे मला वाटते.

मी २० मे रोजी आपल्याकडे पहिली तक्रार नोंदवली आणि २७ मे रोजी आपले उत्तर आले. त्यातील तिन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

आपण लिहिता की माल पाठवताना मीटरने १९ टक्के ओलावा दाखवला होता. तो दाखवला असेल, कारण बाहेरच्या बाजूवर मलाही तेवढाच आढळला. लाकूड बाहेरून आत वाळते, म्हणून न फोडता केलेली मोजणी फक्त सालीखालच्या काही मिलिमीटरांची माहिती देते. मोजणीपूर्वी ढलपी फोडणे एवढी साधी गोष्ट आपल्याकडे होत नसेल, तर ‘२० टक्क्यांपेक्षा कमी’ हे वाक्य लिहिण्याचा आधारच उरत नाही.

आपला दुसरा मुद्दा असा, की वाहतुकीत पावसाने लाकूड भिजले असावे. पावसाने भिजलेले लाकूड बाहेरून ओले आणि आतून कोरडे असते. माझ्याकडे आलेले नेमके उलट होते. शिवाय आपण ते प्लास्टिकमध्ये गुंडाळले होते, म्हणजे थेंब बाहेरून आत आले नसून लाकडातूनच निघाले होते. नऊ महिने उघड्यावर रचलेल्या, हातभर लांबीच्या आणि मनगटाएवढ्या जाड आंब्याच्या ढलप्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यानंतरही आतून ३४ टक्के ओल्या राहणे मला शक्य वाटत नाही. हे झाड माल पाठवण्याच्या काही आठवडे आधीच तोडलेले असावे, असे माझे मत आहे. ते चुकीचे असेल तर तोडणीचा महिना कागदोपत्री दाखवून आपण ते खोडून काढावे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत खटकला. पुष्कळ ग्राहक धुरीसाठी लाकूड मुद्दाम पाण्यात भिजवतात, त्यामुळे ओलाव्याने नुकसान होत नाही, असे आपण लिहिले आहे. कोळशाच्या शेगडीवर मूठभर लाकडाचे चुरे टाकणारे काहीजण ते भिजवतात, हे खरे आहे. तिथे उष्णता कोळसा देतो. त्याचा संबंध लाकडावरच चालणाऱ्या आगीशी जोडणे चुकीचे आहे, आणि हा व्यवसाय करणाऱ्या कंपनीला हा फरक माहीत असलाच पाहिजे. ग्राहक लाकूड भिजवणार असेल तर तो घरचे पाणी वापरेल, त्यासाठी साठ रुपये किलो देणार नाही.

आता साठवणुकीबद्दल. प्रत्येक गोणीत आपले एक छापील कार्ड होते आणि त्यावर ‘लाकूड प्लास्टिकच्या आवरणातच घट्ट बांधून, घरात कोरड्या जागी ठेवावे’ अशी सूचना होती. मला ती पटली नाही, पण आपण जाणकार आहात असे धरून मी उरलेल्या ४६ किलोंचे दोन सारखे भाग केले. एक भाग कार्डावर लिहिल्याप्रमाणे बांधून ठेवला. दुसरा भाग माझ्या आईच्या पद्धतीने रचला. राधानगरीकडे आमच्या गावी मृग लागण्यापूर्वी पावसाळ्याच्या जळणाची बेगमी होत असे. पडवीत खाली दगड, त्यांवर आडवी लाकडे, भिंतीपासून वीतभर अंतर, वर छप्पर आणि दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या, अशी ती रचना असे, आणि ऐन आषाढात त्या जळणावर चूल पेटत असे. यंदा मे महिन्याच्या अखेरीसच पाऊस सुरू झाल्यामुळे वाळवणाला जेमतेम दोन-अडीच आठवडे मिळाले.

१० जून रोजी मी दोन्ही भाग उघडून पाहिले. रचून ठेवलेल्या ढलप्या आतून २४ ते २६ टक्क्यांवर आल्या होत्या आणि त्यांच्यावर बुरशी नव्हती. प्लास्टिकमधल्या ढलप्या ३२ टक्क्यांवर होत्या. त्यांच्यावर पांढरी आणि हिरवी बुरशी आली होती आणि आंब्याच्या सहा ढलप्यांच्या सालीखालून पिठासारखा बारीक भुसा गळत होता, म्हणजे त्यांना भुंगा लागला होता. आंब्याचे लाकूड बुरशीला आणि भुंग्याला लवकर बळी पडते, म्हणून तर ते तोडल्यावर लगेच फोडून, साल काढून, मोकळ्या हवेत वाळवायचे असते. बुरशी आलेल्या लाकडाच्या धुरात मी खाण्याची वस्तू ठेवणार नाही. ते २३ किलो मी वेगळे काढून ठेवले आहे आणि आपला माणूस ते केव्हाही येऊन पाहू शकतो.

पावसाळ्यात आमच्याकडे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत लाकूड कितीही दिवस ठेवले तरी साधारण १७-१८ टक्क्यांखाली वाळत नाही, आणि आधीच ओले असलेले लाकूड तिथवर पोचायलाही फार वेळ घेते. म्हणून मेमध्ये ओले लाकूड पाठवणे म्हणजे ग्राहकाला ते दिवाळीपर्यंत निरुपयोगी करून देणे आहे. हे नुकसान माझ्या अंगणातले ऊन भरून काढू शकत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. लाकडाचे ३,६०० आणि वाहतुकीचे ४८० असे एकूण ४,०८० रुपये आपण मला परत करावेत. संकेतस्थळावरील ‘नऊ महिने वाळवलेले’ हा उल्लेख आपल्याला सिद्ध करता येत नसेल तर तो काढावा, आणि यापुढे प्रत्येक गोणीवर झाडाची जात, तोडणीचा महिना आणि ढलपी फोडून आतल्या बाजूवर मोजलेला ओलावा लिहावा. साठवणुकीचे कार्ड मागे घेऊन, ज्यांना ते गेले आहे त्या ग्राहकांना प्लास्टिक काढून लाकूड मोकळ्या हवेत रचण्यास आपण पाऊस वाढण्यापूर्वी कळवावे. पैशांपेक्षा मला या शेवटच्या मागणीची घाई आहे, कारण आज त्या गोण्या कुणाच्या तरी घरात बंद पडून आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीचे निवारण ती मिळाल्यापासून एक महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. माझी पहिली तक्रार २० मेची आहे, त्यामुळे ही मुदत २० जून रोजी संपते. तोपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, २७ मेच्या उत्तराची प्रत, मीटरच्या व वजनाच्या मोजणीची छायाचित्रे, साठवणुकीच्या कार्डाची प्रत, बुरशी आलेल्या लाकडाची १० जूनची छायाचित्रे.