डेनेरिसचं कोडं सुटतं, जेमीचं सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या एचबीओ वाहिनीच्या, काल्पनिक राज्यांच्या मालिकेच्या शेवटावर आलेला लेख वाचला. (मालिका २०१९ मध्येच संपली आहे, त्यामुळे पुढे शेवट उघड केल्याबद्दल कुणी रागावू नये.) लेखाचा मुद्दा असा, की गादीवर हक्क सांगणारी, ड्रॅगन बाळगणारी डेनेरिस टारगेरियन ही जुन्या ‘वेड्या राजा’ची मुलगी, तेव्हा तिने राजधानी जाळली यात नवल ते काय, आणि ‘तिने असं का केलं’ यावर चाहते अजून भांडतात हा निव्वळ रिकामटेकडेपणा. पहिल्या विधानाने लेखक स्वतःच त्या भांडणात उतरले आहेत. तेव्हा दुसरं त्यांनी मागे घ्यायला हरकत नाही.

रक्तातच वेड होतं, हे उत्तर मला पटत नाही. मालिकेत एक म्हण येते: टारगेरियन घराण्यात मूल जन्मलं की देव नाणं उडवतात, एका बाजूला थोरपण, दुसऱ्या बाजूला वेड. पण ही म्हण कोणाच्या तोंडी येते ते पाहा. लॅनिस्टर घराण्यातली राणी सर्सी म्हणते, दरबाराचा हेरप्रमुख व्हॅरिस म्हणतो. दोघंही दरबारात मुरलेले, आणि व्हॅरिस तर ती उच्चारतो तेव्हा डेनेरिसला हटवायच्या बेतात असतो. दरबारी लोकांच्या सोयीचं वाक्य आपण निदान म्हणून का घ्यावं?

डेनेरिसचा हेतू शोधायला रक्तापर्यंत जावं लागत नाही, तिचा न्याय कसा चालतो ते पाहिलं की पुरतं. चौथ्या सीझनमध्ये गुलामांच्या मालकांच्या मीरीन शहराच्या वाटेवर १६३ गुलाम मुलांना खांबांवर खिळलेलं तिला दिसतं. शहर जिंकल्यावर ती बरोबर १६३ मालकांना तसंच खिळायला लावते. कोणी काय केलं होतं याची चौकशी नाही, हिशोब फक्त आकड्याचा. पुढे तिथला एक सरदार हिझदार येऊन सांगतो की माझे वडील त्या मुलांच्या हत्येविरुद्ध बोलले होते, आणि तेही त्या खांबांवर गेले. त्याच्याआधी, दुसऱ्या सीझनमध्येच, कार्थ शहराच्या दाराबाहेर ताटकळत ठेवल्यावर तिने शहरं जाळून टाकण्याची धमकी दिली होती. सातव्यात शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकांना ती जिवंत जाळते. यातल्या बहुतेक प्रसंगी आपण प्रेक्षक तिच्याच बाजूने होतो, कारण समोरचे लोक वाईट होते. काही पालकांनी तर मुलींची नावं ‘खलिसी’, म्हणजे तिचीच पदवी, ठेवली.

मग समुद्रापलीकडे, वडिलांचं राज्य असलेल्या वेस्टेरोसमध्ये बदललं काय? युंकाई शहराच्या वेशीबाहेर हजारो मुक्त गुलामांनी तिला ‘मिसा’, म्हणजे आई म्हणून खांद्यावर घेतलं होतं. इथे तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्यातल्या मेजवानीत सगळे तिच्या प्रियकराभोवती, जॉनभोवती, गोळा होतात आणि ती एकटी बसून राहते. दोन ड्रॅगन गेले, इमानी सरदार जोरा गेला, जिवलग सखी मिसांडेईचं शिर तिच्या डोळ्यांदेखत उडवलं गेलं, आणि गादीच्या ज्या हक्कावर ती आयुष्यभर उभी होती तो जॉनचा निघाला. माणसं आपल्याला प्रेमाने स्वीकारणार नाहीत, तर मग भीतीनेच, हे ती जॉनला तोंडावर सांगते. हा धागा पहिल्या सीझनपासून शाबूत आहे.

कच्चं राहिलं ते शेवटचं टोक. शरणागतीच्या घंटा वाजल्यावर सर्सी समोरच्या किल्ल्यात बसलेली असताना ती आधी गल्लीबोळांवर आग का ओतते? तिथे मधली पायरी गायब आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. एचबीओची आणखी भाग द्यायची तयारी होती, हे निर्मात्यांनीच सांगितलं आहे. घाई त्यांची स्वतःची. शेवटचा सीझन पुन्हा बनवा, या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मला तो पोरकटपणा वाटला, पण रागाचं मूळ इथे आहे हे कळतं.

माझा राग मात्र वेगळ्या जागी आहे आणि त्याबद्दल आपल्या लेखात एक अक्षर नाही. सर्सीचा जुळा भाऊ आणि प्रियकर, जेमी लॅनिस्टर.

पहिल्याच भागात हा माणूस स्टार्क घराण्यातल्या लहानग्या ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकलून देतो. जगाच्या लेखी तो राजाला पाठीमागून भोसकणारा रक्षक. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात, हॅरनहॉलच्या न्हाणीघरात, तुटलेल्या हाताने तापाने फणफणलेला जेमी ब्रिएन या लढवय्या स्त्रीला खरी गोष्ट सांगतो. वेड्या राजाने शहराखाली जागोजागी वाइल्डफायर, म्हणजे हिरव्या ज्वाळांनी पेटणारं स्फोटक द्रव्य, पुरून ठेवलं होतं, आणि शत्रू वेशीच्या आत आल्यावर ‘सगळ्यांना जाळा’ हा एकच हुकूम तो देत राहिला. जेमीने आधी आग लावणाऱ्याला मारलं, मग राजाला. ब्रिएन विचारते, मग हे कोणाला सांगितलं का नाही? तर ब्रॅनचा बाप नेड स्टार्कने त्याला पाहताक्षणीच दोषी ठरवलं होतं. लांडग्याने (स्टार्कांचं चिन्ह) सिंहाचा (लॅनिस्टरांचं चिन्ह) निवाडा कोणत्या हक्काने करावा, या अहंकारापायी तो तोंड मिटून बसला आणि शिवी आयुष्यभर वागवली. मालिकेतला सगळ्यात चांगला प्रसंग मी यालाच म्हणेन. ड्रॅगनच्या एकाही लढाईत इतका जीव नाही.

आता आठव्या सीझनचा पाचवा भाग. डेनेरिसच्या पक्षात असलेला धाकटा भाऊ टिरियन त्याची कैदेतून सुटका करतो आणि शहरातल्या हजारो निरपराध जिवांसाठी सर्सीला शरण यायला लाव म्हणतो. जेमीचं उत्तर साधारण असं: खरं सांगायचं तर मला त्यांचं कधीच फारसं काही वाटलं नाही, निरपराध असोत की नसोत.

तो सर्सीकडे परत गेला याला माझा आक्षेप नाही. दुर्योधन चुकतो आहे हे कळत असूनही कर्णाने त्याला सोडलं नाही, यावर आपल्याकडे किती पिढ्या वाद घालत आल्या आहेत! ब्रिएनला विंटरफेलच्या अंगणात रडत सोडून, ती द्वेषाने भरलेली आहे आणि मीही तसाच, म्हणत निघालेला जेमी दुबळा आहे, पण खोटा नाही. काही चाहते कादंबऱ्यांचा दाखला देतात, की तिथे तो सर्सीची मदतीची चिठ्ठी आगीत टाकायला सांगतो. तिचं मरण धाकट्या भावाच्या हातून होईल हे भाकीतही तिथे आहे, ते मालिकेने गाळलं. पण मालिकेचा जेमी मालिकेवरूनच जोखावा. आणि मालिकेच्या हिशोबानेच ते एक वाक्य बसत नाही. ज्यांच्यासाठी त्याने आपलं नाव मातीत घातलं, तेच हे लोक.

बरं, हे सुचवायला लेखकांना लांब जावं लागलं नसतं. त्याच भागात डेनेरिसच्या ड्रॅगनची आग गल्ल्यांवरून फिरताना मधेच हिरवे लोळ उठतात. वेड्या राजाने पुरलेलं तेच वाइल्डफायर! जे टाळण्यासाठी जेमीने राजहत्या केली ते त्याच्या डोळ्यांदेखत घडतं आहे, आणि मालिका त्याला एक नजरही देत नाही. सर्सीने सहाव्या सीझनच्या शेवटी याच आगीने सेप्ट, म्हणजे राजधानीतलं मोठं देऊळ, उडवलं, तेव्हाही परतलेल्या जेमीच्या चेहऱ्यावर फक्त एक काळोखी येते. पुढे दोघांत त्यावर धड बोलणंच होत नाही.

जेमी खोटं बोलत होता, भावासमोर निर्ढावल्याचा आव आणत होता, असं काही जण म्हणतात. तसं असतं तर मला आवडलं असतं. अडचण शेवटच्या भागात येते. ब्रिएन राजरक्षकांच्या ग्रंथात जेमीचं अर्धवट पान पुरं करते; हेच पान वाचून सर्सीचा मुलगा राजा जॉफ्रीने एकदा त्याला हिणवलं होतं. राजधानीला विनाशापासून वाचवण्याच्या प्रयत्नात तो दक्षिणेला गेला, असं ती लिहिते. म्हणजे न्हाणीघरातला जेमी. ती भाबडी आहे की टिरियनशी बोललेला जेमी खोटा आहे, हे ठरवायला प्रेक्षकाच्या हाती काहीच दिलेलं नाही. आणि हे दोन्ही भाग बेनिऑफ आणि वाइस या निर्मात्यांच्या एकाच जोडीने लिहिलेले, १२ मे आणि १९ मे, लागोपाठच्या आठवड्यांत दाखवलेले.

आपल्या लेखकांनी डेनेरिसला दिलेल्या दोन रकान्यांपैकी निम्मा रकाना तरी याला द्यावा, एवढी विनंती.

आपला नियमित वाचक,
मिरज